मेलेल्या पुमांची वही

कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवर सुट्टीच्या दिवशी भटकायला जाणाऱ्या मराठी इंजिनिअरांना तिथल्या पाट्यांवरच्या सूचना पाठ असतात. पुमा समोर आला तर पळू नका, खाली वाकू नका, हात वर करून मोठे दिसा, लहान मुलांना उचलून घ्या. पण पाटी लावावी लागेल इतके पुमा तिथे उरले कसे, ही गोष्ट फार कुणाला माहीत नसते.

पुमा, कूगर, माउंटन लायन अशी नावं अनेक, प्राणी एकच. सिंहाशी नातं लांबचं. याला डरकाळी येत नाही, हा घरच्या मांजरासारखा घुरघुरतो.

१९०७ ते १९६३ या काळात कॅलिफोर्निया राज्य पुमा मारून आणणाऱ्याला रोख बक्षीस द्यायचं. सरकारी हिशेबात असे १२,४६२ पुमा आहेत. माझा दिवस डेटाबेसमध्ये जातो, म्हणून मला या वहीत आधी खटकतो तो न आखलेला रकाना: जिवंत किती? पुमा हरणं संपवतो हे सगळ्यांना ‘माहीत’ होतं. मोजलं कुणी नव्हतं.

मोजायला निघाला मॉरिस हॉर्नॉकर. ग्रिझली अस्वलांवर काम करणाऱ्या क्रेगहेड बंधूंच्या तालमीत तयार झालेला तरुण. आधी त्याने मोंटानात पुमांना खुणा करून पाहिल्या, पण खूण केलेले पुमाच शिकारी मारायला लागले. मग १९६४ च्या हिवाळ्यात तो आयडाहोच्या मध्यभागी, बिग क्रीकच्या खोऱ्यात गेला. रस्ता नाही. सामान छोट्या विमानाने येणार, बाकी सगळं बर्फातून पायी.

सोबतीला होता विल्बर वाइल्स. वर्षानुवर्षं त्याच रानात लाकडी खोपटात राहणारा आणि कुत्र्यांच्या मदतीने बक्षिसासाठी पुमा मारलेला माणूस. त्या काळी पुमाबद्दल खरी माहिती कुणाकडे असेल, तर ती अशाच माणसाकडे.

पद्धत शिकारीचीच होती, फक्त शेवट बदलला होता. बर्फात ताजा माग काढायचा, कुत्रे सोडायचे. पुमा झाडावर चढला की बंदुकीतून गुंगीचं औषध मारायचं. मग हॉर्नॉकर स्वतः झाडावर चढायचा आणि अर्धवट शुद्धीतल्या जनावराला दोर बांधून खाली सोडायचा. वजन, मापं, कानात बिल्ला, गळ्यात रंगीत पट्टा. शुद्धीवर आला की पुमा आपल्या वाटेने जायचा. पुढच्या हिवाळ्यात तोच पुन्हा शोधायचा. (कुत्र्यांना हा नवा नियम कसा पटला असेल, देव जाणे.)

काही हिवाळ्यांनी जे चित्र तयार झालं, ते त्या वहीशी जुळणारं नव्हतं. तिथल्या प्रौढ पुमांची संख्या जवळपास तेवढीच राहत होती. प्रत्येकाचा इलाखा ठरलेला. माती आणि पाइनच्या सुया पायाने ओढून छोटा ढीग करायचा, त्यावर मुतायचं. दुसरा पुमा वास घेऊन वाट बदलायचा. मारामारी क्वचितच. वयात आलेल्या पिल्लांना तिथे जागा नसेल तर ती दूर निघून जायची. आणि त्याच वर्षांत हरणं आणि एल्क वाढले. त्यांची संख्या मुख्यतः हिवाळ्यातल्या चाऱ्यावर ठरत होती. १९७० मध्ये हे सगळं छापून आलं.

‘आजोबा’ सिनेमा पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. माळशेजला सोडलेला तो बिबट्या मुंबईपर्यंत चालत आला, हे गळ्यातल्या कॉलरमुळे कळलं. तोवर आपणही बिबट्या मोजायचो तो पिंजऱ्यातला नाहीतर मेलेला.

त्यानंतरचं राजकारण थोडक्यात. एकेक राज्य बक्षीस बंद करून पुमाला शिकारीच्या नियमांखाली आणत गेलं. कॅलिफोर्नियात १९७१ मध्ये शिकारीला स्थगिती देणाऱ्या कायद्यावर सही केली ती गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. १९९० मध्ये मतदारांनी ती बंदी कायमची केली. १९९४ मध्ये त्याच राज्यात पुमाच्या हल्ल्यात दोन बायकांचा जीव गेला, त्यातली एक एकटी धावायला गेली होती. लोक हादरले. १९९६ मध्ये संरक्षण काढण्याचा प्रस्ताव पुन्हा मतदानाला आला. भीती खरी होती, कुणाची तरी आई गेली होती; अशा वेळी आकडे सांगणाऱ्याचा राग येतो. तरीही प्रस्ताव पडला.

वाइल्स शंभरी ओलांडून २०१९ मध्ये गेला. बिग क्रीकचं खोरं आज फ्रँक चर्च यांच्या नावाच्या संरक्षित रानात येतं. तिथे अजूनही रस्ता नाही.