पावसाचा दुष्काळ आणि भावाचा दुष्काळ

मराठवाड्यातील वयोवृद्ध शेतकऱ्यास दुष्काळाविषयी विचारावे, तो क्षणाचाही विलंब न लावता सालाचा आकडा सांगतो. बहात्तरचा दुष्काळ अजून घरोघरी आठवला जातो. परंतु 1929 नंतर साऱ्या जगावर जी मंदी कोसळली, तिचे नाव त्याच घरांत सहसा ऐकू येत नाही. तिने विहिरी आटल्या नाहीत की गुरे मेली नाहीत. तरीही या प्रांताची जी हानी तिने केली, ती अवर्षणाच्या हानीहून निराळ्या जातीची होती. अवर्षण आणि मंदी या दोन्ही आपत्ती या भूमीने कशा सोसल्या, हे पाहणे म्हणूनच बोधप्रद ठरावे.

प्रथम अवर्षण घेऊ. आजचे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे त्या वेळचे औरंगाबाद, हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील एक जिल्हा होता. वैजापूर-गंगापूरकडची बाजरी आणि पैठणकडची रब्बी ज्वारी ही दोन्ही पिके आभाळाकडे डोळे लावून बसणारी. 1899 साली पाऊस फसला आणि दुष्काळाचा वणवा पेटला. 1891 च्या खानेसुमारीत या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 8 लाख 29 हजार होती. 1901 साली ती 7 लाख 21 हजारांवर आली. दहा वर्षांत आठ माणसांमागे एक माणूस उणा झाला. कोणी भुकेने मेले, कोणी रोगाने. कोणी देशोधडीला लागले ते परतलेच नाहीत. त्या काळी गावाचा आधार म्हणजे पेवात पुरलेली ज्वारी. ज्याचे पेव भरलेले तो एक वर्ष तगे; दुसऱ्या वर्षीही पाऊस हुलकावणी देई, तेव्हा पेवही रिते होई.

याच सुमारास मनमाडहून औरंगाबाद-जालन्यावरून हैदराबादकडे लोहमार्ग गेला. आता दूरदेशीचे धान्य येऊ शकणार, म्हणून उपासमार टळेल, अशी आशा अनेकांनी बाळगली. आणि ती अगदीच खोटी नव्हती. परंतु रेल्वे केवळ धान्य आणीत नाही, ती बाजारभावही आणते. कापूस हे रोख पैशाचे पीक झाले, जालन्यास सरकीचे कारखाने निघाले, आणि मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या कापसाचा भाव मुंबई, लिव्हरपूल व न्यूयॉर्क येथे ठरू लागला. ज्या दोरीने तो जगाशी बांधला गेला, तीच दोरी पुढे त्याच्या गळ्याला लागली.

1929 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. त्यानंतर दोन वर्षांत हिंदुस्थानात शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. योगायोग असा की, एस्. केशव अय्यंगार यांनी हैदराबाद संस्थानातील निवडक खेड्यांची आर्थिक पाहणी नेमकी 1929-30 साली केली. वादळापूर्वीचे चित्र तिच्यामुळे आपल्या हाती राहिले.

भाव घसरल्याने बिघडते काय, असा प्रश्न शहरातील वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याला तर स्वस्ताई सुखाची वाटते. परंतु शेतसारा हाली सिक्क्यात, म्हणजे संस्थानाच्या नाण्यात, ठरलेला असे. सावकाराचे खतही रुपयांत लिहिलेले असे. हे आकडे भावाबरोबर खाली येत नाहीत. समजा, पूर्वी चार मण ज्वारी विकून जो सारा भागे, तो आता आठ मण विकून भागवावा लागला. कर्जाचेही तसेच. पीक हातचे गेले नसूनही ते अर्धे झाल्यासारखे झाले. आभाळ वेळेवर बरसले तरी ही तूट भरून येईना, हे या आपत्तीचे विशेष होय.

मग लोकांनी दिवस काढले कसे? खाण्याची ज्वारी घरचीच असल्यामुळे 1899 सारखी उपासमार टळली. कापसावर ज्यांचा भार अधिक, त्यांचे हाल अधिक. मीठ, कापड, रॉकेल येथे काटकसर झाली. त्यापुढची पाळी बायकांच्या अंगावरील दागिन्यांची. सप्टेंबर 1931 मध्ये इंग्लंडने सुवर्णचलन सोडल्यावर सोन्याचा भाव चढला आणि हिंदुस्थानातून सोन्याचा ओघ परदेशी वाहू लागला. अर्थशास्त्रज्ञांनी त्याला निर्यात म्हटले. खेड्यापाड्यांत ती मोडलेली पुतळ्यांची माळ होती. आणि दागिने संपले की उरे ती जमीन.

येथे गोदावरीच्या दोन तीरांवरील अंतर ध्यानात घेण्याजोगे आहे. पलीकडे, ब्रिटिश अंमलाखालील अहमदनगर जिल्ह्यात, 1875 च्या दंग्यांनंतर 1879 साली दख्खन शेतकरी कायदा झाला. कर्जाचा मूळ व्यवहार उकलून पाहण्याचा अधिकार त्याने न्यायालयांस दिला. तो कायदा सर्वगुणसंपन्न होता असे नव्हे. पण अलीकडच्या तीरावर तेवढाही आडोसा नव्हता. संस्थानी सरकार पुढे जागे झाले. शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाविषयी भरुचा यांचा अहवाल 1937 साली तयार झाला आणि सावकारी, कर्जसमेट व जमिनींचे हस्तांतर यांविषयी कायदेही आले. परंतु भाव कोसळून तोवर कित्येक वर्षे लोटली होती, आणि ज्या शेतांची खते सावकाराच्या नावे होऊन चुकली होती, ती शेते कायद्याच्या शाईने परत येणार नव्हती.

आता 1972 कडे वळू. पाठोपाठ तीन वर्षे पाऊस अपुरा झाला. औरंगाबाद जिल्हा अत्यंत होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. हैदराबाद संस्थान तोवर लयास गेले होते आणि मराठवाडा महाराष्ट्र राज्यात आला होता. या वेळी सरकारने माणसाच्या हाती मजुरी दिली. वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला याच काळात राज्यव्यापी रूप आले. पाझर तलाव, नालाबांध, रस्त्यांची खडी अशा कामांवर मे 1973 मध्ये सुमारे 50 लाख माणसे होती. म्हणजे राज्यातील दहांपैकी एक. खडी फोडणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. सुकडी आणि परदेशी मिलो यांच्या आधाराने पोटे भरली. गुरांची हानी फार झाली. पण 1899 चा मृत्युकाळ पुन्हा आला नाही. 1977 साली हमीचा कायदा संमत झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. त्याच्या खर्चासाठी शहरी नोकरदारांवर व्यवसायकर बसला होता. शहराने खेड्याचे काही देणे लागते, हे तत्त्व त्यात मान्य झाले.

या तिन्ही प्रसंगांवरून निष्पन्न होते ते इतकेच की, पावसाच्या दुष्काळावरचा उपाय आपण मोठ्या कष्टाने का होईना, शिकलो. भावाच्या दुष्काळावरचा उपाय अद्याप पुरता शिकलो नाही. मजुरी पोट भरते, परंतु खतावरील आकडा पुसत नाही. मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा विचार करताना केवळ पर्जन्यमानाचे कोष्टक पुरत नाही, कर्ज आणि भाव यांची वहीही उघडावी लागते. पुढच्या वर्षी पाऊस पडतो आणि नदीला पाणी येते. मंदीत गेलेले शेत मात्र पुढच्या वर्षी परत येत नाही. त्याच शेतावर मालकाचा मुलगा मजूर म्हणून राबू लागतो. त्या वर्षांना लोकांनी नाव दिले नाही, म्हणून ती आपल्या इतिहासातून गळावीत, हे बरे नव्हे.