पिजदुऱ्याचे शंख, लंडनचा संग्रह

चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यातल्या पिजदुऱ्याचं नाव निघालं की लोक डायनासोरच्या हाडांबद्दल विचारतात. मला त्याच थरांतले शंख अधिक मोलाचे वाटतात. तिथे गोड्या पाण्याची तळी होती, हे शंखच सांगतात.

अशा शंखांच्या अभ्यासाचा धागा लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपर्यंत जातो. 1807मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेनं देशोदेशींच्या खडकांचं आणि जीवाश्मांचं संग्रहालय उभं केलं. मद्रास सैन्यातले डॉक्टर जॉन माल्कमसन यांनी पैनगंगेपलीकडच्या निर्मळच्या डोंगरांतले शंख गोळा केले. निसर्गअभ्यासक सॉवर्बी यांनी 1840मध्ये त्यांचं वर्णन छापलं. त्यांतला एक ‘फायसा प्रिन्सेपाय’. तो टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरला, तर तोंड डावीकडे उघडतं. बहुतेक गोगलगायींचं उजवीकडे असतं. कवच बहुधा उरलेलंच नसतं, त्याच्या जागी गार साचून अख्खा आकार दगडात उतरलेला असतो.

1851मध्ये नागपूरजवळ टाकळीला फिरताना स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांना असाच शंख सापडला, आणि दोघांना ध्यासच लागला. पिजदुरा, मांगली, सिरोंचाजवळचं प्राणहितेकाठचं कोटा, जिथून मिळेल तिथून नमुने जमू लागले आणि लंडनला सोसायटीकडे जाऊ लागले. मांगलीचे इवलेसे ‘शिंपले’ तर शिंपलेच नव्हते. ती निघाली झिंग्यांच्या दूरच्या नात्यातल्या जिवांची दुपाखी कवचं. हिस्लॉप यांचा शंख-शिंपल्यांवरचा मोठा निबंध सोसायटीच्या नियतकालिकात 1860मध्ये आला. तीन वर्षांनी टाकळघाटजवळ नाला ओलांडताना ते बुडाले. त्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात 1883मध्ये सुरू झालं.

सोसायटीनं 1911मध्ये आपलं संग्रहालय मोडलं. परदेशी नमुने ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गविज्ञान विभागाकडे गेले. संग्रह जपला गेला, हे उपकारच. पण चंद्रपूरच्या मुलाला आपल्याच शिवारातला मूळ नमुना पाहायला लंडन गाठावं लागावं, हे मला खटकतं.

शिवार मात्र अजून बोलतं आहे. पिजदुऱ्याच्या डायनासोरांच्या विष्ठेच्या दगडांत गवताचे सूक्ष्म अवशेष सापडल्याचं वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी 2005मध्ये दाखवलं. गवताचा इतका जुना निःसंशय पुरावा तोवर कुणाच्या हाती नव्हता. हाडं आणि विष्ठा तर मिळाली. त्या गवताला लागून पाणी कसं होतं, हे शोधायला मात्र पुन्हा शंखांकडेच यावं लागतं. निदान त्यांचे साचे तरी वरोऱ्यात आणि सिरोंचात ठेवावेत.