पाटी, साक्ष आणि शोधयंत्र

तिरोड्याच्या बाजारात चांगला तांदूळ कुठे मिळेल, हे पूर्वी कुणाला तरी विचारावे लागे. सांगणाऱ्याच्या भरवशावर गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढे. आज ते सांगण्याचे काम शोधयंत्राकडे गेले आहे.

१९९४ साली निघालेल्या याहूची यादी माणसे हाताने लावीत. १९९८ मध्ये गूगल आले. एखाद्या पानाकडे दुसरी किती आणि कोणत्या वजनाची पाने बोट दाखवितात, हे पाहून ते क्रम लावू लागले. साक्षीदारांची मोजदादच म्हणा ना! २००० साली या उत्तरांशेजारच्या जागा जाहिरातीसाठी विकायला निघाल्या. तेव्हापासून गिऱ्हाईक कोणता शब्द लिहील, हे ओळखणे व्यापाराचाच भाग झाले.

आता वाचकहो, आपल्या गावाचेच पाहा. रोमन लिपीत विधानसभा मतदारसंघ ‘तिरोरा’, तर ३,३०० मेगावॅटचे वीजकेंद्र ‘तिरोडा’! यंत्र ही दोन रूपे जुळवीलही. पण दुकानाविषयी कुठे चार ओळीच नसतील, तर साक्ष द्यावी कुणी? विकत घेतलेली जागा पैसे थांबले की जाते. तेव्हा जाहिरातीआधी आपले नाव, पत्ता आणि तांदळाचा वाण दोन्ही रूपांनिशी नीट लिहून ठेवावा, हे बरे.