सहा तासांचं औषध, महिनाभराची वाट

1908 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. आल्फ्रेड स्कोफील्ड यांनी 13 वर्षांच्या एका मुलाची हकिगत छापली. अंड्याचा अंश पोटात गेला तरी मुलाच्या अंगावर गांधी उठत. डॉक्टरांनी गोळ्यांतून अगदी कणभर अंडं द्यायला सुरुवात केली आणि मात्रा हळूहळू वाढवली. काही महिन्यांनी मुलगा अंडं खाऊ लागला.

हीच युक्ती पुढे पेनिसिलिनच्या ॲलर्जीला लागू पडली आणि मग केमोथेरपीच्या. कार्बोप्लॅटिनचे पहिले पाच-सहा डोस निमूट पचतात. सातव्या-आठव्याला मात्र काही रुग्णांचा चेहरा लाल होतो, रक्तदाब कोसळतो. अंडाशयाच्या कॅन्सरवर गुण देणारं औषध अशा वेळी सोडायचं कसं? बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलात मारियाना कास्टेल्स आणि सहकाऱ्यांनी सलाईनच्या तीन पिशव्या आणि 12 पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पिशवीत औषध शंभरपट पातळ, दुसरीत दहापट, तिसरीत पूर्ण तीव्रतेचं. दर पंधरा मिनिटांनी वेग वाढवत सुमारे सहा तासांत पूर्ण डोस जातो. 2008 साली त्यांनी 98 रुग्णांवर 413 वेळा वापरलेल्या या पद्धतीचा अनुभव प्रसिद्ध केला; एकही मृत्यू झाला नव्हता. अर्थात, ही सवय टिकत नाही. पुढच्या डोसाला पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात.

पण काहींना सलाईन लागते तेव्हा काहीच होत नाही. घरी गेल्यावर, एक-दोन दिवसांनी अंगभर पुरळ उठतं. इथे रोगप्रतिकारशक्तीच्या टी-पेशी कामाला लागलेल्या असतात, आणि त्यांची चाल संथ. त्यांची तक्रार उमटेपर्यंत सहा तासांची पिशवी कधीच संपलेली असते.

या उशिराच्या ॲलर्जीचा धडा कॅन्सरच्या वॉर्डाबाहेर गिरवला गेला होता. 1980च्या दशकात एड्सच्या रुग्णांना न्यूमोसिस्टिस न्यूमोनियापासून वाचवायला को-ट्रायमोक्साझोल लागे. अनेकांना दुसऱ्या आठवड्यात ताप आणि पुरळ येई. तेव्हा हे औषध कित्येक दिवस, चढत्या मात्रेत दिलं जाऊ लागलं. गाउटवरच्या ॲलोप्युरिनॉलसाठी टोरोंटोच्या डॉ. एडेल फॅम यांनी तर रोज 50 मायक्रोग्रॅमपासून सुरुवात केली. 100 मिलिग्रॅमपर्यंत पोचायला महिना लागे. मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवरच्या लेनालिडोमाइडने पुरळ आलं तेव्हा डॉक्टरांनी अशीच संथ चढण काही रुग्णांसाठी वापरली.

कातडी सोलवटली असेल किंवा तोंडात, डोळ्यांत फोड आले असतील, म्हणजे स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमची लक्षणं दिसली, तर मात्र कणभर मात्राही देत नाहीत. तिथे औषधच बदलावं लागतं.