खोक्यावरचा आकडा : ग्राफिक्स कार्ड घेऊन पस्तावलेल्यांचा इतिहास

बारावीचे निकाल लागले, इंजिनीअरिंगचे प्रवेश सुरू झाले की सातारा-सांगलीच्या कॉम्प्युटर दुकानांत एक ठरलेलं चित्र दिसतं. पोरगं मोबाईलवर व्हिडिओ दाखवतंय, वडील मनातल्या मनात ऊसबिलाचा हिशेब करतायत आणि दुकानदार विचारतोय, "दोन जीबीचं देऊ का चार जीबीचं?"

मित्रांनो, गेल्या वीस-बावीस वर्षांतल्या बहुतेक पस्ताव्यांची सुरुवात या असल्या प्रश्नातनंच झालीय.

विषय पोरांच्या गेमचा आहे म्हणून सोडून देऊ नका. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारा कॉम्प्युटरमधला वेगळा भाग. गेमला लागतो, तसाच व्हिडिओ एडिटिंगला आणि थ्रीडी डिझाईनलाही लागतो. आपल्याकडच्या कितीतरी घरांत त्याची किंमत महिन्याच्या पगाराएवढी असते. ते चुकीचं निघालं की घरात एकच वाक्य ऐकू येतं, "पोराच्या नादानं पैसे घातले." मला त्या वाक्यावरच बोलायचंय. दोष खरंच पोराचा होता का?

सुरुवात २००२ पासून करू. एनव्हिडिया कंपनीनं त्या वर्षी 'जीफोर्स ४' नावानं कार्डं आणली. त्यात दोन जाती होत्या. महागडी 'टीआय' खरोखर नवी होती. स्वस्तातली 'एमएक्स' मात्र नावानं चौथ्या पिढीची आणि आतून बरीचशी दुसऱ्या पिढीची. तिसऱ्या पिढीत आलेली शेडरची सोय, म्हणजे पाणी, सावल्या, उजेड खरा वाटावा म्हणून लागणारी यंत्रणा, तिच्यात पूर्ण नव्हतीच. आपल्याकडं घरोघरी गेलं ते हेच एमएक्स ४४०. व्हाईस सिटी त्यावर मस्त चालायचं, म्हणून कुणाला शंका आली नाही. मग २००३ च्या अखेरीस 'प्रिन्स ऑफ पर्शिया : सँड्स ऑफ टाइम' आला. त्याला जीफोर्स ३ चालत होतं, पण जीफोर्स ४ एमएक्स चालत नव्हतं! तीनवाला पास आणि चारवाला नापास, हे कुठल्या बापाला समजावून सांगणार?

त्याच काळातला दुसरा पस्तावा खाचेचा. स्वस्त पीसीत इंटेलच्या ८४५जीव्ही चिपसेटचे मदरबोर्ड असायचे. त्यांत ग्राफिक्स कार्डाची एजीपी खाच नव्हती. साताऱ्याहून एसटीनं स्वारगेट गाठायचं किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडला जाणाऱ्या कुणाला तरी पैसे द्यायचे, कार्ड आणायचं, पीसी उघडायचा आणि बघायचं तर कार्ड बसवायला जागाच नाही. ज्यांच्याकडं खाच होती त्यांचंही फार बरं झालं नाही. २००४ पासून पीसीआय एक्स्प्रेस ही नवी खाच आली. त्यानंतर एजीपी कार्डात पैसे घातलेल्यांनी पुढचा मदरबोर्ड घेतला तेव्हा जुनं कार्ड त्यात बसेना.

नंतर आला जीबीचा काळ, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त घरं इथंच फसली. कार्डाची मेमरी किती, हा आकडा खोक्यावर ठळक छापलेला असतो. ती मेमरी किती वेगानं काम करते हे बारीक अक्षरात, नाहीतर छापलेलंच नसतं. आपल्या भाषेत सांगायचं तर विहीर तुडुंब आहे, पण पाईप अर्ध्या इंची. रान भिजणार कसं?

जीटी ७३० हे कार्ड २०१४ मध्ये आलं. एकाच नावाखाली तीन वेगळी कार्डं होती. कुणाची चिप जुनी, कुणाची नवी. कुणात संथ डीडीआर३ मेमरी, कुणात वेगवान जीडीडीआर५. दुकानात मात्र 'चार जीबी' असलं की ते भारी, आणि ते बहुतेक वेळा संथवालंच असायचं. जीटी १०३० ची तीच गत. २०१७ साली ते जीडीडीआर५ मेमरीवर आलं. २०१८ मध्ये त्याच नावानं डीडीआर४ मेमरीचं कार्ड बाजारात आलं. नाव तेच, जीबी तितकेच, पण मेमरीचा वेग जवळपास एक तृतीयांश. जीटीएक्स १०६० मध्ये तीन जीबी आणि सहा जीबी असे दोन प्रकार होते. लोकांना वाटलं फरक फक्त मेमरीचा. प्रत्यक्षात तीन जीबीवाल्यात कोअरही कमी होते, १२८० च्या जागी ११५२.

आता कुणी म्हणेल, ही सगळी स्वस्त कार्डांची रड आहे. तर महागड्याची गोष्ट ऐका. जीटीएक्स ९७० सप्टेंबर २०१४ मध्ये आलं, चार जीबी म्हणून. कार्ड वेगवान होतं, लोक खूश होते. जानेवारी २०१५ मध्ये उघड झालं, की साडेतीन जीबीच पूर्ण वेगानं चालते. उरलेली अर्धी जीबी खूप संथ आहे. चिपच्या तपशिलातले आणखी दोन आकडेही आधी सांगितल्यापेक्षा कमी निघाले. अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले आणि २०१६ मध्ये तडजोड झाली : प्रत्येक कार्डामागं ३० डॉलर. ही तडजोड तिथल्या ग्राहकांसाठी होती. तेच कार्ड सांगलीत घेणाऱ्याचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

या सगळ्यात लोक ज्यांचं आजही नाव काढतात अशी दोन कार्डं आहेत. जीटीएक्स ७५० टीआय (२०१४) आणि १०५० टीआय (२०१६). ती काही फार जोरदार नव्हती. पण ६० आणि ७५ वॉटची, बहुतेक मॉडेलांना वेगळी पॉवर केबल न लागणारी. आपल्याकडं कॅबिनेटबरोबर येणाऱ्या साध्या एसएमपीएसवर ती गुमान चालली. मोठ्या कार्डांना लागणारा करंट त्या एसएमपीएसला झेपायचा नाही. स्टिकरवर ४५० वॉट लिहिलेलं असायचं, पण गेम रंगात आला की पीसी बंद. म्हणजे इथंही आकडाच. जे कार्ड बोलल्याप्रमाणं चाललं ते भारी नसूनही कुणी पस्तावलं नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

मग आली क्रिप्टोची साथ. इथेरियम हे आभासी चलन ग्राफिक्स कार्डावर 'खोदता' यायचं. २०१७-१८ मध्ये एकदा आणि २०२०-२१ मध्ये पुन्हा, खोदणाऱ्यांनी जगभरातली कार्डं उचलली. त्यात लॉकडाऊन आणि चिपचा तुटवडा. फेब्रुवारी २०२१ मध्ये आरटीएक्स ३०६० ची भारतातली सुरुवातीची किंमत २९,५०० रुपये जाहीर झाली, पण त्या भावात ते नशीबवानालाच मिळालं. बाकीच्यांनी कितीतरी जास्त मोजले. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं आपली पद्धत बदलली आणि कार्डावरचं खोदकाम एका दिवसात थांबलं. महिनोन् महिने रात्रंदिवस तापलेली कार्डं मग सेकंडहँड बाजारात उतरली, 'फक्त गेमिंगसाठी वापरलेलं' असं सांगत.

त्याहून वाईट प्रकार बनावट कार्डांचा. २०१० सालच्या जीटीएस ४५० सारख्या जुन्या कार्डाच्या बायोसमध्ये फेरफार करायचा आणि ते १०५० टीआय म्हणून खपवायचं. कॉम्प्युटरला लावलं की तोही १०५० टीआय असंच दाखवतो. हे इतकं वाढलं की जीपीयू-झेड या फुकट मिळणाऱ्या तपासणी प्रोग्राममध्ये २०१८ मध्ये बनावट कार्ड ओळखायची सोय घालावी लागली.

आज तरी सुधारलंय का? २०२५ मध्ये आलेलं आरटीएक्स ५०६० टीआय बघा. एकाच नावानं ८ जीबी आणि १६ जीबी. नव्या काही गेमना ८ जीबी कमी पडते आणि तिथं दोन्हींत मोठा फरक दिसतो. निदान हा आकडा खोक्यावर खरा लिहिलेला असतो. पण बापाला तो फरक समजावून सांगणारं दुकानात कोण आहे?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. दरवर्षी नवं कार्ड येणार आणि कालचं जुनं होणार, त्याचा दोष कुणाला देता येत नाही. पण वरच्या यादीतले बहुतेक पस्तावे हौसेचे नाहीत. वस्तू एक आणि नाव दुसरं, असा हा व्यवहार होता. त्याची झळ लहान गावाला जास्त बसते. पुण्या-मुंबईतला गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन भांडू शकतो. जत किंवा दहिवडीच्या माणसाचा एक दिवस, एक खाडा आणि जाण्यायेण्याचं भाडं जातं. मग तो गप्प बसतो.

त्यानं गप्प बसायची गरज नाही. २० जुलै २०२० पासून ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागू झालाय. त्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तक्रार आता तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. माल मुंबईहून आला असला तरी सातारकर साताऱ्यात आणि सांगलीकर सांगलीत तक्रार देऊ शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची. आधी फोनवर विचारायचं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५.

अट एकच, हातात बिल पाहिजे. १८ टक्के जीएसटी वाचवायला 'विदाऊट बिल' घेतलं की तक्रारीचा पायाच जातो. बिलावर नुसतं 'ग्राफिक्स कार्ड ४ जीबी' लिहून घेऊ नका. पूर्ण मॉडेल नंबर, मेमरीचा प्रकार आणि सिरीयल नंबर लिहून घ्या. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी जीपीयू-झेड चालवा आणि त्याचा फोटो बिलाबरोबर ठेवा. सेकंडहँड घेत असाल तर पैसे द्यायच्या आधी चालवा. दुकानदार मंडळींनीही यात वाईट वाटून घेऊ नये. तुमच्यातले बरेच जण पुण्या-मुंबईच्या डीलरनं दिलेलं खोकं विश्वासानंच विकतात. तेव्हा हा कागद तुमच्याही बाजूचा आहे.

आणि पालकांनो, कार्ड चाललं नाही म्हणून पोराला बोलायच्या आधी खोक्यावर काय लिहिलंय आणि आत काय निघालंय, ते एकदा त्याच्याच शेजारी बसून बघा.

तुमचं कार्ड कुठलं होतं आणि कधी पस्तावलात, कमेंटमध्ये लिहा. दुकानाचं नाव नको, मॉडेल आणि साल तेवढं लिहा. पुढच्या गिऱ्हाईकाला उपयोग होईल.