बुकवॉल्टर रिट्रॅक्टर : जुळणी आणि समायोजन

पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत जखमेच्या कडा व आतले अवयव बाजूला धरून ठेवणारी, ऑपरेशन टेबलाला आवळलेली धातूची चौकट. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातले शल्यचिकित्सक जॉन बुकवॉल्टर यांच्या नावाने ती ओळखली जाते. मेयो क्लिनिकच्या डोनाल्ड बाल्फोर यांचा जुना रिट्रॅक्टर जखमेच्या कडांवरच तोललेला असतो. बुकवॉल्टरचा भार टेबलाच्या कडेची पट्टी पेलते. सहायकाचे हात मोकळे होतात आणि खोलवरचा भाग तासन्‌तास उघडा राहतो.

निर्जंतुक कापडे अंथरल्यावर त्यांच्यावरूनच उभा खांब क्लॅम्पने पट्टीला बसवतात. टेबल मध्यभागी वाकवायचे असल्यास ते त्याआधीच वाकवून घ्यावे. खांबाला आडवा दांडा आणि दांड्याला रिंग जोडतात. रिंग जखमेच्या मध्यावर, कातडीलगत पण तिला न दाबता हवी. खांब रुग्णाच्या दंडाला टेकला तर कापडाखाली ते दिसत नाही, म्हणून हात फिरवून खात्री करावी. मग रिंगवर रॅचेट (ताण धरून ठेवणाऱ्या दातेरी पकडी) बसवून त्यांत ब्लेड, म्हणजे कडा व अवयव मागे धरणारी बोथट पाती, सरकवतात. समोरासमोरच्या दोन ब्लेडना सारखा ताण दिला की रिंग एका बाजूला ओढली जात नाही.

खरे कौशल्य ब्लेड निवडण्यात आणि ताण ठरवण्यात आहे. माणसाचा हात थकून सैल होतो, रॅचेट होत नाही. किडकिडीत रुग्णाच्या ओटीपोटात लांब ब्लेड वापरले, तर त्याचे टोक सोआस स्नायूवर रुतते आणि स्नायूच्या बाहेरच्या कडेने जाणारी फिमोरल नस चेपली जाते. शुद्धीवर आलेल्या रुग्णाला गुडघा ताठ करता येत नाही, जिना चढताना पाय दगा देतो. बहुतेकांची नस पुढे सावरते, पण त्याला आठवडे किंवा महिनेही लागतात. हे टाळणे अवघड नाही : पोटाच्या भिंतीच्या जाडीला पुरेल इतकेच आखूड ब्लेड घ्यावे, खाली ओला मॉप (कापडी घडी) ठेवावा, टोकाखाली बोट घालून पाहावे आणि लांबलेल्या शस्त्रक्रियेत ताण अधूनमधून सोडावा. रॅचेटचा आणखी एक दात ओढण्याचा मोह होतो तेव्हा बहुधा ब्लेडची जागाच चुकलेली असते.

उतरवताना आधी ब्लेड, मग रिंग, शेवटी खांब. ब्लेडमागे दडलेला मॉप नजरेतून सहज सुटतो. म्हणून पोट शिवण्यापूर्वी मॉपबरोबर चौकटीचा प्रत्येक सुटा भाग मोजतात.