अज्ञातवासींचा संसार

जुन्या मस्कतमधले बैत अल झुबेर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले असते. भारतातून पाहुणे आले की कॉर्निश, मत्राहचा सूक आणि मग हे संग्रहालय, असा क्रम ठरलेलाच. 1998 साली उघडलेल्या या वास्तूत एका कुटुंबाने जमवलेले खंजर, चांदीचे दागिने, पोशाख आणि भांडीकुंडी पाहताना पुणेकराला हटकून आठवते ते बाजीराव रस्त्यावरचे राजा केळकर संग्रहालय. ते उभे करणाऱ्या माणसाची ओळख मात्र इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना फारशी नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म 1896 चा. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. पोटापाण्याचा व्यवसाय चष्म्यांचा. 1920 च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू गोळा करण्याचा नाद लागला आणि तो जन्मभर सुटला नाही. काळच तसा होता. वाडे पडत होते, जुन्या घराण्यांची रया गेली होती, नक्षीदार चौकटी सरपणात आणि पितळी समया मोडीत जात होत्या. कागदपत्रांच्या मागे लागलेले संशोधक पुण्यात कमी नव्हते. भारत इतिहास संशोधक मंडळ तर 1910 पासून काम करीत होते. पण सनावळीत न बसणारा इतिहास, म्हणजे बायकांची फणी-करंड्याची पेटी, पानाचा डबा, दौत, खेळणी, स्वयंपाकघरातली भांडी, यांना वाली नव्हता. केळकरांनी नेमके तेच उचलले. अडकित्ते पाहा. सुपारी कातरायला दोन पाती पुरतात. तरी कारागिराने त्यातून पक्षी घडवले, माणसांच्या जोड्या घडवल्या. टाच घासायच्या वज्रीवरही प्राणी-पक्षी बसवले. यातल्या बहुतेक कारागिरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांची कदर करणाऱ्या कवीने स्वतःसाठी 'अज्ञातवासी' हेच नाव घ्यावे, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहाला त्याचे नाव दिले गेले. पत्नी कमलाबाई या साऱ्या खटाटोपात बरोबरीने होत्या. चष्म्याच्या धंद्यावर असा नाद पोसायचा म्हणजे घरच्या बाईच्या संमतीवाचून ते होत नाही, हे आपण संसारी माणसे जाणतोच.

कोथरूडचा मस्तानी महाल मोडकळीस आला तेव्हा त्याचे अवशेष आणून केळकरांनी तो दालनात पुन्हा उभा केला. वाद्यांचे, दिव्यांचे, दारांचे विभाग वेगळेच. संग्रह सुमारे 20,000 वस्तूंवर गेला. एवढ्यातल्या थोड्याच एका वेळी मांडता येतात, आणि ज्या मांडल्या आहेत त्यांची दाटी होते, ही तक्रार रास्त आहे. पण 1975 मध्ये हा सारा ठेवा त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या हाती दिला, हे विसरून चालणार नाही. विकायला काढला असता तर त्याचे तुकडे जगभर पांगले असते. 1980 मध्ये ते पद्मश्री झाले आणि 1990 मध्ये वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला गेलात तर मुलांना आधी अडकित्ते दाखवा. आणि कशासाठी वापरायचे ते सांगायला आजीला बरोबर न्या.